तेवीस पानांचा निबंध

आमच्या महाविद्यालयात दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक विधी पार पडतो. ज्या अध्यापकांची पदोन्नती देय झालेली असते, त्यांच्या फायली अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडे येतात आणि आम्ही चार-पाच जण बंद खोलीत बसून त्यांतील शोधनिबंधांची मोजदाद करतो. वाचन नव्हे, मोजदाद. निबंध कोणत्या यादीतल्या नियतकालिकात आला, त्यावर आयएसएसएन क्रमांक आहे का, लेखक एक की दोन, एवढे पाहिले की रकान्यात आकडा पडतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत माझ्यासमोर दोन फायली लागोपाठ आल्या. पहिली भाषा विभागातील एका सहकाऱ्याची : सहा वर्षांत एकोणीस निबंध. दुसरी गणिताच्या सहकाऱ्याची : तेवढ्याच काळात दोन. पहिल्या फायलीचे काम दहा मिनिटांत आटोपले. दुसरीपाशी समिती अडली. 'दोनच?' असा प्रश्न खोलीत उमटला. तो विचारणारा मीच होतो, हे आज कबूल केले पाहिजे.

त्या गणिती सहकाऱ्याचा विषय हार्मोनिक अ‍ॅनालिसिस. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही मर्ढेकरांच्या कवितांची संख्या मोजून त्यांचे स्थान ठरवता का?" मी अर्थातच नाही म्हणालो. "मग आमच्या कार्लसनची एक गोष्ट ऐका," असे म्हणून त्याने जे सांगितले, ते ऐकल्यापासून त्या बैठकांत मला पूर्वीसारखे निश्चिंत बसता आलेले नाही. पुढे या विषयावर मला जेवढे झेपले तेवढे वाचले. मराठीच्या प्राध्यापकाने गणितावर लिहिणे हे धाडसच. पण मला लिहायचे आहे ते गणितावर नाही. एखाद्या बौद्धिक कामाचा प्रभाव म्हणजे नेमके काय, आणि तो ओळखायचा कोणी, या प्रश्नावर लिहायचे आहे. तो प्रश्न आपल्याही दारात उभा आहे.

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून एकटा खर्ज निघत नाही. कान तयार असेल तर त्यात स्वयंभू गंधारही ऐकू येतो. एका नादात अनेक नाद दडलेले असतात. ते सुटे करून दाखवणे आणि सुट्या नादांतून मूळ नाद पुन्हा उभा करणे, ही ढोबळमानाने हार्मोनिक अ‍ॅनालिसिस या शाखेची मूळ कल्पना. तिचा आरंभ जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञापाशी होतो. उष्णता पदार्थातून कशी पसरते यावरचा आपला निबंध त्याने १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे ठेवला आणि असा दावा केला की, कोणतीही वक्ररेषा, ती कितीही वेडीवाकडी असो, साध्या तरंगांच्या बेरजेतून उभी करता येते. लाग्रांजसारख्या दिग्गजांना हे पटले नाही. फूरियेचा ग्रंथ प्रसिद्ध व्हायला १८२२ साल उजाडले. पुढच्या शतकभरात त्याची पद्धत भौतिकशास्त्रात आणि अभियांत्रिकीत सर्वत्र वापरली जाऊ लागली. पण गणितज्ञांच्या मनात एक काटा सलत राहिला. तरंगांची बेरीज करत गेलो, तर प्रत्येक बिंदूपाशी मूळ रेषा खरोखर परत मिळते का?

उत्तर सोपे नव्हते. १८७३ मध्ये द्यु ब्वा-रेमाँ याने दाखवले की, कुठेही न तुटणाऱ्या सलग रेषेच्या बाबतीतही ही बेरीज एखाद्या बिंदूपाशी फसू शकते. १९१५ च्या सुमारास रशियन गणितज्ञ निकोलाय लुझिन याने अंदाज मांडला की, विशिष्ट अर्थाने 'मर्यादित ऊर्जा' असलेल्या सर्व फलनांसाठी अशा फसव्या बिंदूंचा संच नगण्य असतो. त्या सगळ्या बिंदूंची मिळून लांबी शून्य भरते. आणि १९२३ मध्ये लुझिनच्याच तालमीतल्या कोल्मोगोरोव्हने, जेमतेम विशीतल्या पोराने, याहून व्यापक वर्गातले एक फलन रचून दाखवले, ज्याची बेरीज जवळजवळ सर्वत्र फसते. लुझिनचा अंदाज त्यामुळे खोटा ठरला नाही, कारण हे फलन त्या मर्यादित वर्गाबाहेरचे होते. तरी वारे फिरले. अंदाज बहुधा चुकीचाच असणार, अशी अनेक जाणकारांची धारणा बनली.

या टप्प्यावर लेनार्ट कार्लसन येतो. जन्म १९२८, स्टॉकहोम. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९५० मध्ये, उप्साला येथे आर्ने बॉइर्लिंग यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट. त्यानंतर अमेरिकेत असताना या विषयाचे महर्षी अन्तोनी झिग्मुंड यांच्याशी भेट झाली आणि लुझिनचा प्रश्न मनात घर करून बसला. कार्लसनने नंतर मुलाखतीत सांगितले आहे की, आरंभी तोही अंदाज खोटा ठरवण्याच्याच मागे होता. जवळजवळ पंधरा वर्षे तो अधूनमधून या प्रश्नाकडे परतत राहिला. मधल्या काळात तो गप्प बसला होता असे नाही. १९६२ मध्ये त्याने 'कोरोना प्रश्न' म्हणून ओळखला जाणारा वेगळाच अवघड प्रश्न सोडवला. पण लुझिनचा प्रश्न सुटेना. हळूहळू त्याच्या ध्यानात आले की, अंदाज मोडू पाहणारी रचना उभी राहत नाही, आणि ती का उभी राहत नाही यातच अंदाज खरा असल्याची खूण आहे. १९६६ मध्ये 'अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका' या स्वीडिश नियतकालिकात त्याची सिद्धता प्रसिद्ध झाली. पृष्ठसंख्या तेवीस.

पंधरा वर्षे आणि तेवीस पाने. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या एका शोधनिबंधाला आठ गुण आणि मानव्यविद्यांच्या निबंधाला दहा गुण ठरवून दिले गेले. नियतकालिकाच्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'नुसार त्यात काही भर पडते, हे मान्य. पण मूळ हिशेब पाहा : कार्लसनचे तेवीस पानी काम आठ गुणांचे आणि मी एखाद्या चर्चासत्राच्या आदल्या रात्री लिहिलेला निबंध दहा गुणांचा. हा विनोद नाही. आम्ही त्या बंद खोलीत दर वर्षी हेच करत आलो आहोत.

कोणी म्हणेल, गुण सोडा, अन्य संशोधकांनी आपल्या लेखनात त्या निबंधाचा किती वेळा उल्लेख केला, ते मोजा. प्रभाव आपोआप दिसेल. वरवर हे रास्त वाटते. म्हणून कार्लसनच्या निबंधाचे पुढे काय झाले, ते पाहू.

तो निबंध अतिशय दुर्बोध म्हणून प्रसिद्ध आहे. निष्कर्ष सर्वांनी मान्य केला, त्याचा हवाला असंख्य लेखकांनी दिला, पण सिद्धता ओळीओळीने वाचून पचवणारे थोडेच. दोन वर्षांत रिचर्ड हंट याने तो निष्कर्ष आणखी मोठ्या वर्गापर्यंत नेला. आता दोघांच्या नावाने 'कार्लसन–हंट प्रमेय' असे म्हटले जाते. हंटचा तो निबंध कुठल्या नामांकित नियतकालिकात आलेला नाही. अमेरिकेतल्या एडवर्ड्सव्हिल येथे १९६७ मध्ये झालेल्या परिषदेच्या निबंधसंग्रहात तो १९६८ मध्ये छापला गेला. ज्या प्रकारच्या प्रकाशनाचा आपल्याकडे बाजार झाला, नेमक्या त्याच प्रकारच्या पुस्तकात! छापील जागेवरून मजकुराची किंमत ठरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मला सापडले नाही.

त्यानंतर १९७३ मध्ये चार्ल्स फेफरमन या चोवीस वर्षांच्या तरुणाने त्याच प्रमेयाची सर्वस्वी वेगळी सिद्धता दिली. निष्कर्ष तोच, वाट निराळी. पृष्ठे एकवीस. मग बराच काळ शांतता. १९९० च्या दशकात मायकेल लेसी आणि क्रिस्टोफ थीले हे दोघे एका वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. तो सोडवताना त्यांना कार्लसन आणि फेफरमन यांच्या युक्त्यांचा आधार सापडला. त्यांचे ते निबंध १९९७ आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २००० मध्ये दोघांनी उलट दिशेने येऊन कार्लसनच्या प्रमेयाची तिसरी सिद्धता दिली. ती दहा पानांत मावली. कथा इथेही थांबत नाही. याच थीले यांनी, फ्लोरिस व्हॅन डोर्न आणि इतर सहकाऱ्यांबरोबर, बॉन येथून या प्रमेयाच्या एका व्यापक रूपाची सिद्धता संगणकाला तपासता येईल अशा काटेकोर भाषेत उतरवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याचा आराखडा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये काम तडीस गेले. एकही पायरी 'हे उघडच आहे' असे म्हणून ओलांडायची नाही, असे ते वाचन.

सात वर्षे, एकतीस वर्षे, चौतीस वर्षे, एकोणसाठ वर्षे. १९६६ च्या निबंधाला मिळालेली खरी दाद या अंतरांवर आली आहे. आता 'इम्पॅक्ट फॅक्टर' काय मोजतो? एखाद्या नियतकालिकातील लेखांना प्रसिद्धीनंतरच्या दोन वर्षांत सरासरी किती उल्लेख मिळाले, तेवढे. आंतरराष्ट्रीय गणित संघटनेने अन्य दोन संस्थांसह २००८ मध्ये या मापनावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दाखवून दिले आहे की, गणितातील सुमारे ९० टक्के उल्लेख या दोन वर्षांच्या खिडकीबाहेर पडतात. म्हणजे ज्या खिडकीतून आपण पाहतो, तिच्यातून जवळजवळ काहीच दिसत नाही. पण दिसते त्या थोड्यावर आकडा मात्र २०२३ पर्यंत दशांश चिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत काढला जात असे.

याहून खोल अडचण वेगळी आहे. कार्लसनच्या १९६२ च्या कामातून एक संकल्पना रूढ झाली. तिला 'कार्लसन मेझर' म्हणतात. ही संज्ञा या शाखेत इतकी मुरली की, ती वापरताना मूळ निबंधाचा निर्देश करण्याची गरज बहुतेकांना वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे वर्णन केले आहे : एखादा विचार ज्ञानाच्या शरीरात पूर्ण सामावला की त्याच्या कर्त्याचा उल्लेख पुसला जातो. आपल्याला हे परके वाटू नये. 'ओवी' म्हणताना कोण कोणाचा संदर्भ देतो? प्रभाव जितका खोल, उल्लेख तितके विरळ, असेही घडू शकते. आणि उल्लेखांवर प्रभाव मोजणारी पद्धत नेमक्या सर्वांत खोल प्रभावापाशी आंधळी होते.

उल्लेख आणि श्रेय यांचे नाते किती चंचल असते, याचे एक उदाहरण आपल्या घरातले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून, भर्तृहरीच्या सुभाषितांचे साक्षेपी संपादक म्हणून, 'निवेदन'कार धर्मानंदांचे चिरंजीव म्हणून ठाऊक आहेत. ते व्यवसायाने गणितज्ञ होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. १९४३ मध्ये त्यांनी 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त एक निबंध लिहिला. फूरियेने निश्चित रेषेचे तरंगांत विघटन केले होते. यदृच्छेने बदलत राहणाऱ्या राशींचे तशाच प्रकारचे विघटन कसे करता येईल, याचा विचार त्यात आहे. महायुद्ध चालू, नियतकालिक भारतातले. पुढच्या काही वर्षांत फिनलंडच्या कारहुनेन आणि फ्रान्सच्या लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे ते तत्त्व मांडले आणि जगभर ते त्या दोघांच्या नावाने रूढ झाले. कोसंबींचे नाव पुढे जोडले जाऊ लागले, पण आजही पुष्कळ पाठ्यपुस्तकांत ते नसते. गंमत पुढे आहे. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधील अंतराचा अंदाज घेणारे एक सूत्र दिले. ते आनुवंशिकीत इतके रुळले की, जनुकीय नकाशे काढणाऱ्या संगणक-प्रणालींत 'कोसंबी' हा एक ठरीव पर्याय असतो. तो पर्याय निवडणाऱ्या किती जणांना हा माणूस गणितज्ञ होता आणि भर्तृहरीच्या हस्तलिखितांत बुडालेला होता, हे माहीत असेल? एकाच माणसाच्या लागोपाठच्या दोन वर्षांतल्या दोन कामांची ही दोन नशिबे. त्यांतले कोणते काम थोर, हे उल्लेखांच्या बेरजेवरून सांगता येणार नाही. त्यासाठी दोन्ही वाचावी लागतील.

इथे मला माझा मुद्दा सापडतो. कार्लसनच्या निबंधाचा प्रभाव त्याच्या उल्लेखांत नाही; तो फेफरमनच्या, लेसी-थीले यांच्या पुनर्वाचनात आहे. ते नुसते 'पाहा : कार्लसन १९६६' असे लिहून पुढे गेले नाहीत. जे सिद्ध झाले होते ते त्यांनी पुन्हा सिद्ध केले. व्यवहारी माणसाला हा उद्योग निरर्थक वाटेल; उत्तर माहीत असलेले गणित पुन्हा कशाला सोडवायचे? साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र हे तत्काळ उमगावे. गीता उपलब्ध असताना ज्ञानेश्वरांना भावार्थदीपिका का रचावीशी वाटली? ज्ञानेश्वरी उपलब्ध असताना १५८४ मध्ये एकनाथ तिची शुद्ध प्रत सिद्ध करायला का बसले? भाष्य, टीका, संपादन, पुनर्कथन ही आपल्याकडे प्रभावाची खरी मापे होती. ग्रंथ जिवंत आहे याची खूण ही की, कोणीतरी तो नव्याने वाचायला बसले आहे. मला तर असे वाटते की, फेफरमनचा १९७३ चा निबंध हे कार्लसनवरचे भाष्य आहे, आणि ते त्याच अर्थाने भाष्य आहे ज्या अर्थाने आपण तो शब्द वापरतो.

आणि म्हणूनच नेमक्या आपण, वाचनाचा धंदा करणाऱ्यांनी, मोजदादीपुढे इतक्या निमूटपणे मान तुकवावी, हे मला लाजिरवाणे वाटते. 'उल्लेख-सूची'चा जनक युजीन गारफील्ड याने १९५५ मध्ये ही कल्पना मांडली ती वाचकाच्या सोयीसाठी. एखाद्या निबंधावर पुढे कोणी काय टीका केली, त्यातली चूक कोणी दाखवली, हे वाचकाला सापडावे आणि सदोष माहितीचा डोळे मिटून पुनरुच्चार थांबावा, हा त्याचा हेतू होता. वाचकाला वाट दाखवणारी पाटी होती ती. आपण पाटी मोजू लागलो आणि गावाला जाणे सोडले.

पाटी मोजण्याचे परिणाम गणितातही व्हायचे ते झालेच. सर्वाधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या गणितज्ञांची जी यादी क्लॅरिव्हेट ही कंपनी काढत असे, तिच्यात २०१९ मध्ये आघाडीवर होते तैवानमधले एक वैद्यकीय विद्यापीठ, जिथे गणिताचा विभागच नाही. एकमेकांचे उल्लेख करून आकडे फुगवणाऱ्या टोळ्यांचा असा सुळसुळाट झाला की, २०२३ मध्ये कंपनीने गणित हा विषयच त्या यादीतून वगळला. आपल्याकडेही मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्यानंतर आलेली 'केअर' यादीही आयोगाने गुंडाळली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तसे जाहीर केले. यादी करायची, तिच्यात भेसळ शिरायची, मग यादी मोडायची. वाचन टाळण्यासाठी आपण किती श्रम घेतो!

इथवर वाचून माझे काही मित्र टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांना न रुचणारी गोष्ट सांगतो. आकड्यांची पद्धत आभाळातून पडलेली नाही. २०१० मध्ये गुणांकन आले, त्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल की, मुलाखतीच्या खोलीत तेव्हा कशाचे वजन पडत असे. जात, नाते, संस्थाचालकांशी घसट, विभागप्रमुखांची मर्जी. एखाद्या आडगावच्या महाविद्यालयातून आलेल्या, पाठीशी कोणी नसलेल्या मुलीला आकडा हा आधार होता : 'माझे इतके निबंध आहेत, तुम्ही मला डावलू शकत नाही.' आकडा आंधळा असतो, पण आंधळेपणाचाही एक न्याय असतो. तो तोंड पाहून निवाडा करत नाही. 'साहित्य मोजता येत नाही' हे वाक्य आपण फार वेळा उच्चारतो आणि त्याच्या आडोशाला कित्येकदा आळस लपवतो. दहा वर्षे काहीही न लिहिलेला अध्यापकही हेच वाक्य म्हणतो. गणितज्ञाला हा आडोसा नाही. त्याची सिद्धता बरोबर असते किंवा चूक असते, आणि ती कोणीतरी वाचतो.

म्हणून सध्याची वेळ महत्त्वाची वाटते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात गुणांकनाची पद्धत सोडून अध्यापकाच्या 'उल्लेखनीय योगदाना'कडे पाहावे, असा रोख होता. मोजदादीवर इतके बोलल्यावर मी याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु माझ्या मनात धास्ती आहे. आकडा काढून टाकला आणि त्याच्या जागी वाचन आले नाही, तर रिकाम्या जागेत काय येऊन बसेल, हे आपण सारे जाणतो. योगदान उल्लेखनीय आहे हे ठरवणार कोण? ज्याने ते वाचलेले नाही तो ठरवणार असेल, तर मर्जीचे दिवस परत आले म्हणून समजा. आणि त्या वेळी त्या आडगावच्या मुलीच्या हातात आकडाही नसेल.

माझी सूचना साधी आहे. पदोन्नतीसाठी येणाऱ्या प्रत्येकाने आपले फक्त तीन निबंध किंवा एक पुस्तक सादर करावे. तिथे एकोणीस नकोत. त्या विषयातल्या, पण त्या विद्यापीठाबाहेरच्या दोघांनी ते वाचावे आणि प्रत्येकी दोन पानांचे सकारण मत स्वतःच्या नावानिशी लिहावे. ते मत उमेदवाराला वाचायला मिळावे आणि त्यावर उत्तर देण्याचा त्याला हक्क असावा. निबंध कोणत्या यादीतला, हा प्रश्न कोणी विचारू नये. यात वेळ जाईल, मानधन द्यावे लागेल, भांडणे होतील. होऊ द्यावीत. निबंधात काय लिहिले आहे यावर होणारे भांडण आपल्याकडे किती वर्षांत झालेले नाही! 'सत्यकथे'च्या पानांवर अशी भांडणे होत होती, तेव्हा कोणाला आयएसएसएन माहीत नव्हता, आणि तरी कोणाचे समीक्षालेखन वजनदार आहे हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक होते. कारण ते वाचले जात होते.

नावानिशी मत देण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. मर्जीला लिखित कारणे द्यावी लागत नाहीत म्हणूनच ती चालते. जो दोन पाने लिहून देईल, त्याचाही कस त्या दोन पानांत लागेल. कार्लसनला २००६ मध्ये आबेल पारितोषिक मिळाले. ते देणाऱ्या समितीने त्याच्या उल्लेखांची बेरीज केली नव्हती, तर त्याच्या कामाने काय घडवले, हे शब्दांत लिहून काढले होते. इतक्या उंचीवर जे शक्य आहे ते जिल्ह्याच्या गावी अशक्य आहे, असे मानायचे कारण नाही. आपल्याला वाचता येते. निदान तसा आपला दावा आहे आणि त्याचाच पगार आपण घेतो.

असो. त्या गणिताच्या सहकाऱ्याची पदोन्नती त्या वर्षी लांबली. नियमात बसत नव्हती. पुढे ती झाली. त्याचे ते दोन निबंध मला आजही कळत नाहीत, मात्र ते कळणारी माणसे शोधून त्यांचे मत मागवणे समितीला अशक्य नव्हते, एवढे कळते. भाषा विभागातील सहकाऱ्याचे एकोणीस निबंध मात्र मला कळण्यासारखे होते, आणि त्यांतला एकही मी त्या दिवशी उघडला नव्हता. त्यात एखादा अस्सल असेलही. ज्याच्यावर त्याने वर्षभर खर्च केले, जो वाचावा असे त्याला मनापासून वाटत होते, असा. त्यालाही दहाच गुण पडले, उरलेल्या अठरांइतकेच. अन्याय एकट्या गणितज्ञावर झाला नव्हता.

त्या रात्री मी घरी येऊन माझी स्वतःची फाईल काढली. चौदा निबंध. कोणी आस्थेने विचारले की, यातला कोणता वाचू, तर मी कोणता देईन, असा विचार करत बसलो. एक सापडला. तो यादीबाह्य नियतकालिकात आला होता, म्हणून त्याला गुण मिळालेले नव्हते.